साठेखत झालं म्हणून स्वस्थ बसू नका

तुमच्या कपाटात एखादं साठेखत किंवा विसारपावती असेल आणि खरेदीखत अजून व्हायचं असेल, तर ती आजच बाहेर काढा आणि दोन गोष्टी बघा. खरेदीखत कधीपर्यंत करायचं याची तारीख त्यात लिहिली आहे का? आणि दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला आहे का? पुढे कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, तर पहिल्या दिवशी तुमचे वकील हेच दोन प्रश्न विचारणार आहेत. त्यांची उत्तरं तेव्हा बदलता येत नाहीत. आज कदाचित बदलता येतील.

साठेखत म्हणजे मालकी, असं समजणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. चांगली शिकलेली आहेत. निम्मी रक्कम दिली, कागद झाला, पेढे वाटले, आता जमीन आपलीच. कायदा तसं मानत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 54 वं कलम स्पष्ट सांगतं की विक्रीच्या कराराने त्या मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. हक्क खरेदीखताने येतो, आणि तेही नोंदवलेल्या. साठेखताने तुम्हाला एवढंच मिळतं: समोरच्याने शब्द फिरवला तर कोर्टात जाऊन ‘याला खरेदीखत करून द्यायला लावा’ असं म्हणण्याचा अधिकार. कोर्टात याला कराराच्या विशिष्ट पूर्ततेचा दावा म्हणतात, आणि बोलताना सगळे स्पेसिफिक परफॉर्मन्सचा दावा म्हणतात. 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये त्याची तरतूद आहे.

हा अधिकार भक्कम आहे. 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तर तो आणखी भक्कम झाला. त्याआधी करार खरा ठरला तरी पूर्तता द्यायची की नुसते पैसे परत करायला सांगायचे, हे न्यायाधीशांच्या विवेकावर होतं. दुरुस्तीनंतर तो विवेक गेला. करार सिद्ध झाला आणि कायद्यातल्या अडचणी आड येत नसतील, तर कोर्टाने पूर्ततेचा हुकूम द्यायचा असतो. पण या बातमीने फार हुरळून जाऊ नका. करार सिद्ध होऊनही दावे पडतात, आणि बहुतेक वेळा ते खरेदीदाराच्या स्वस्थ बसण्यामुळे पडतात. माझं सगळं सांगणं त्या स्वस्थ बसण्याविषयी आहे.

कायद्याचं 16 वं कलम खरेदीदाराकडून एक गोष्ट मागतं. करार झाल्यापासून दाव्याचा निकाल लागेपर्यंत आपला वाटा पार पाडायला आपण तयार आणि राजी होतो, हे त्याने सिद्ध करायचं. राजी असणं म्हणजे मनातली इच्छा आणि तयार असणं म्हणजे हातातला पैसा. दोन्ही लागतात, आणि सतत लागतात. 2018 च्या दुरुस्तीनंतरही ही अट कायम आहे. लोक इच्छेवर भर देतात. ‘साहेब, मला जमीन घ्यायचीच होती हो,’ असं कळवळून सांगतात. खरंही असतं. पण उलटतपासणी कशी चालते ते एकदा कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐका.

‘खरेदीखताची मुदत मार्चअखेर होती ना? मार्चमध्ये तुमच्या खात्यात शिल्लक किती होती?’

‘पंचवीस-तीस हजार असतील.’

‘द्यायचे राहिले होते अकरा लाख. ते कुठून आणणार होता?’

‘मेहुणे देणार होते.’

‘मेहुण्यांना साक्षीला आणलंय का?’

‘नाही.’

‘त्यांच्या पासबुकाचा उतारा? बँकेच्या कर्जाचं मंजुरीपत्र?’

‘मॅनेजर ओळखीचे होते, ते म्हणाले होते काम होईल.’

‘म्हणजे मंजुरीपत्र नाही.’

‘नाही.’

पाच मिनिटांचं काम. एवढ्यात दाव्याचा कणा मोडलेला असतो. मेहुणे खरंच देणार असतील, मॅनेजरही खरंच तसं म्हणाले असतील, पण कागदावर काहीच नाही. उरलेली रक्कम आधीच कोर्टात भरून दावा लावा, अशी सक्ती कायदा करत नाही. कोर्टाने सांगितलं तरच ती भरायची असते. रक्कम उभी करण्याची ऐपत मात्र दाखवावी लागते. म्हणून मुदतीच्या आसपासच्या दिवसांचे बँकेचे उतारे, मुदतठेवींच्या पावत्या, कर्जाचं मंजुरीपत्र, दागिने मोडले असतील तर सराफाची पावती, असं सगळं एका फाइलमध्ये घालून ठेवा. नातेवाईक पैसे देणार असतील तर त्यांच्याकडून तसं लिहून घ्या आणि त्यांच्या खात्याच्या उताऱ्याची प्रत घ्या. मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. तरीही मागा.

परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात राहून गावाकडे जमीन, पुण्या-नाशकाला फ्लॅट घेणाऱ्यांसाठी इथेच सांगून ठेवतो. भावाला मुखत्यारपत्र दिलं की तो आपल्या वतीने साक्षही देईल, असं तुम्ही गृहीत धरता. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितलं आहे की तयार आणि राजी असणं ही खरेदीदाराच्या स्वतःच्या मनाची आणि खिशाची बाब आहे, ती त्यानेच शपथेवर सांगायला हवी. सगळा कारभार पहिल्यापासून मुखत्यारच पाहत असेल तर थोडी वाट मिळते, पण तिच्यावर विसंबू नका. स्वतः साक्ष द्या. परवानगी घेऊन व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनेही देता येते.

आता तारखेकडे वळू. ‘मोजणी झाल्यावर’, ‘वारसनोंद झाल्यावर’, ‘सवडीने’ असे शब्द आपल्या साठेखतांत सर्रास असतात. गोडीगुलाबीत लिहिलेले असतात आणि नंतर तेच गळ्याशी येतात. मुदत कायद्याचा 54 वा अनुच्छेद असा आहे: करारात पूर्ततेची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून 3 वर्षांत दावा लावायचा. तारीख ठरलेली नसेल तर समोरचा नकार देतो आहे हे तुम्हाला कळल्यापासून 3 वर्षांत. तारीख लिहिलेली असेल आणि विकणारा ‘बघू, दिवाळीनंतर करू’ म्हणत तुम्हाला खेळवत असेल, तर घड्याळ थांबत नाही. मुदत वाढवायची तर दोघांच्या सहीने, लेखी वाढवा आणि नवी तारीख घाला. तोंडी वाढलेली मुदत नंतर कुणालाच आठवत नाही.

शिवाय 3 वर्षं ही शेवटची रेघ आहे. तिथपर्यंत थांबायला हरकत नाही, असा तिचा अर्थ नाही. स्थावर मिळकतीच्या करारात वेळ हा कराराचा गाभा असतो असं कायदा सहसा धरून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या घटनापीठाच्या निकालातही म्हटलं आहे. पण त्याच न्यायालयाने 1997 आणि 2011 च्या निकालांत बजावलं की शहरांतले जमिनीचे भाव ज्या वेगाने चढतात ते पाहता खरेदीदाराला वर्षानुवर्षं गप्प राहून मग दावा लावता येणार नाही. रिंगरोड जाहीर झाला, भाव तिप्पट झाला आणि मग अडीच वर्षांनी तुम्हाला साठेखत आठवलं, तर न्यायाधीशांच्या मनात शंका येणारच. ती येऊ देऊ नका.

म्हणून विकणाऱ्याची पहिली टाळाटाळ दिसली की वकिलामार्फत नोटीस पाठवा. भांडणाची भाषा नको. अमुक तारखेला, सकाळी अमुक वाजता, अमुक दुय्यम निबंधक कार्यालयात या, उरलेली रक्कम मी घेऊन येतो, खरेदीखत करून द्या, एवढं पुरे. नोटीस पोचपावतीसह पाठवा. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. तसंच, बंद, फाइलला लावा, कोर्टात ते फार बोलकं ठरतं. ठरल्या दिवशी खरंच जा. डीडी किंवा पे ऑर्डर काढलेली असू द्या, खरेदीखताचा मसुदा तयार असू द्या, शक्य असेल तर मुद्रांक शुल्काचं चलनही काढलेलं असू द्या. दोन साक्षीदार बरोबर न्या आणि कार्यालय बंद होईपर्यंत थांबा. समोरचा आला नाही तर तुम्ही आला होतात याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी करून ठेवा. एका दिवसाची मजुरी किंवा रजा जाईल, पण तुम्ही तयार होता हे सांगायला यापेक्षा चांगला पुरावा सापडणार नाही.

समोरून ‘करार रद्द केला आहे’ अशी नोटीस आली तर ती उशाखाली ठेवून झोपू नका. ताबडतोब उत्तर द्या. आणि दावा लावताना करार रद्द केल्याची ही नोटीस बेकायदा आहे असं जाहीर करून मागा. तशी मागणी न केल्यामुळे दावा टिकला नाही, असे निकाल 2013 पासून आहेत.

दस्त नोंदवण्याविषयी लोक मुद्रांकाचे पैसे वाचवायचा विचार करतात. पूर्वी शंभराच्या आणि आता पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतात आणि ‘रजिस्टर केलंय’ म्हणून सांगतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी सही ओळखतो. तुमचा करार सरकारदप्तरी चढतो तो दुय्यम निबंधकाकडे. न नोंदवलेलं साठेखतही पूर्ततेच्या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून चालू शकतं, ही सवलत नोंदणी कायद्याच्या 49 व्या कलमात आहे. पण तेवढ्यावर समाधान मानाल तर फसाल. समजा, विकणाऱ्याने तुम्हाला अंधारात ठेवून तीच जमीन तिसऱ्याला विकली. तिसऱ्याने पुरते पैसे मोजले, त्याला तुमच्या कराराची खबर नव्हती. कायदा त्याला अभय देतो, आणि तुमच्या हाती विसार परत मागणंच उरतं. साठेखत नोंदवलेलं असेल तर त्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. नोंदवलेला दस्त सगळ्यांना ठाऊक आहे असंच कायदा धरून चालतो.

ताबा घेतला असेल तर गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्रात साठेखतात ताबा दिला किंवा पुढे द्यायचं ठरवलं तर त्यावर खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो. तो नंतर खरेदीखताच्या वेळी वळता होतो, म्हणजे पैसे बुडत नाहीत. मुद्रांक कमी असेल तर तो आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो कागद पुराव्यात घेतच नाही, आणि अनेक वर्षांचा दंड एकदम भरायची वेळ ऐन दाव्यात येते. 24 सप्टेंबर 2001 पासून, ताबा घेतलेल्या खरेदीदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 53-अ कलमाचा आधार हवा असेल तर साठेखत नोंदवलेलं असावं लागतं. तो आधारही ढालीचा आहे, तलवारीचा नाही. विकणारा तुम्हाला हुसकावायला आला तर तो कामाला येतो, मालकी मिळवायला येत नाही.

कुलमुखत्यारपत्रावर ‘विक्री’ करून वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनी हेही ऐकावं. 2011 च्या सूरज लॅम्प निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र एकत्र जोडलं तरी मालकी जात नाही.

रोखीचा मोह सोडा. व्यवहार तीस लाखांचा आणि कागदावर अठरा लाख, असं असेल तर कोर्ट अठरा लाखच मानणार. वरचे बारा लाख दिले हे तोंडी सांगून सिद्ध होत नाही, आणि सांगितलं तर तुमच्याच अंगाशी येतं. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारणाऱ्याला तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. एप्रिल 2025 मध्ये, बंगळुरूतल्या एका शिक्षणसंस्थेच्या जागेच्या प्रकरणात, 75 लाख रोख दिल्याचं सांगणाऱ्या करारधारकांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने उंबऱ्यावरच फेटाळला. ज्यांच्याकडे मालकी आणि ताबा आहे अशा त्रयस्थाविरुद्ध नुसत्या साठेखताने उभं राहता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. शिवाय ज्या दाव्यात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने दिल्याचं म्हटलेलं असेल, त्याची खबर दिवाणी न्यायालयाने आयकर खात्याला द्यावी, असाही आदेश दिला.

विसार देण्याआधी सातबारा तुम्ही पाहताच. पण नुसतं मालकाचं नाव वाचून तो घडी घालू नका. खाली ‘इतर हक्क’ वाचा, सोसायटीचा बोजा बघा, ‘कूळकायदा कलम 43 ला पात्र’ असा शेरा आहे का बघा. भोगवटादार वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी बांधवाची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला जात नाही. तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन घेताना कूळकायद्याचं 63 वं कलम आडवं येतं. अशा ठिकाणी परवानगी कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने आणायची हे साठेखतातच लिहा. आणि वडिलोपार्जित जमिनीत बहिणींच्या सह्या घ्या. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः हिस्सा दिला आणि 2020 च्या निकालाने वाद संपवला, तरी ‘बहिणी काही म्हणत नाहीत’ यावर लाखांचे विसार आजही दिले जातात. त्यांचा हक्क डावलून घेतलेला सातबारा पुढे तुमच्याच पोरांना त्रास देतो.

विकणाऱ्यांनाही सांगायला हवं. ‘मुदतीत खरेदी न दिल्यास विसाराची दुप्पट रक्कम परत करू’ असं कलम घातलं की दुप्पट फेकून मोकळं होता येतं, असा समज आहे. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं 23 वं कलम म्हणतं, तसं कलम असलं तरी पूर्ततेचा हुकूम होऊ शकतो. खरेदीदारच पैसे देत नसेल तर लेखी मुदत द्या, मुदत संपल्यावर लेखी रद्द करा आणि मगच दुसऱ्याशी बोला. अडचणीत सावकाराकडून पैसे घेताना त्याच्या नावे साठेखत करून देणाऱ्या शेतकऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे की असं करू नका. कर्ज होतं हे सिद्ध करणं पुढे फार जड जातं. केलंच असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जा. 2014 च्या सावकारी कायद्यात सावकारीपोटी गेलेली जमीन परत देण्याची तरतूद आहे.

बिल्डरकडून फ्लॅट घेताना रेराचा आधार आहे. नोंदवलेल्या करारनाम्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मागितली तर देऊ नका.

दावा लावायचाच झाला तर पूर्ततेबरोबर ताबाही मागा, आणि पर्याय म्हणून विसाराची रक्कम व्याजासह परत मागा. न मागितलेला विसार कोर्ट आपणहून देत नाही. पहिल्याच तारखेला मनाई हुकमाचा अर्ज द्या. जुन्या मुंबई राज्याने 1939 मध्ये केलेल्या दुरुस्तीमुळे आपल्याकडे आणखी एक काम वाढतं. मुंबईतल्या मिळकतीवर दावा चालू आहे, याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवली नाही तर मधल्या काळात मिळकत घेणारा त्या दाव्याने बांधला जात नाही. मुंबईबाहेरच्या मिळकतीबद्दलही वकिलांना आठवणीने विचारा आणि शक्य तिथे नोंदवा. 2018 च्या दुरुस्तीने समन्स बजावल्यापासून 12 महिन्यांत, फार तर आणखी 6 महिन्यांत दावा निकाली काढायला सांगितलं आहे. तालुक्याच्या कोर्टातला कामाचा ढीग पाहिलेला माणूस यावर घर बांधणार नाही, पण अर्ज करून ते कलम दाखवायला हरकत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तडजोड निघत असेल तर जरूर करा, मात्र ती लोकअदालतीत किंवा कोर्टासमोर नोंदवून घ्या. चावडीवर झालेली तडजोड पुन्हा नव्या दाव्याला जन्म देते.

आणि दावा जिंकलात, तर त्या दिवशीच हुकूमनाम्यातली तारीख वाचा. उरलेली रक्कम किती दिवसांत कोर्टात भरायची हे त्यात लिहिलेलं असतं. जिंकण्याच्या आनंदात ती तारीख गेली तर विकणारा करार रद्द करायचा अर्ज करू शकतो, आणि मुदतवाढ मिळेलच असं नाही. भरण्याची पावती घ्या. त्यानंतरही तो सहीला येत नसेल तर दरखास्त दाखल करा. खरेदीखताचा मसुदा तुम्ही द्यायचा, कोर्ट तो त्याला हरकतीसाठी पाठवतं, आणि तरी तो आला नाही तर त्याच्या वतीने कोर्टच सही करतं. तो दस्त नोंदवा, बेलिफामार्फत ताबा घ्या आणि नोंदीची प्रत घेऊन त्याच आठवड्यात फेरफाराचा अर्ज द्या.